बिनओझ्याचा वेग

वास त्याला जिन्यातच आला. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर कोणाची तरी सायकल कायमची उभी असते, तिच्या हँडलला चुकवायला पोट आत घ्यावं लागतं, तिथेच. एका हातात जाड कापडी पिशवीत घातलेला बोका, म्हणजे त्याचा लढायचा रोबोट. दुसऱ्या हातात दुपारी जिंकलेला पत्र्याचा चषक, वजनाला काही नाही पण धरायला अवघड. दुसऱ्या कोणाला तो वास आला असता तर कोणीतरी गॅसवर काहीतरी विसरलंय असं म्हणून तो पुढे गेला असता. त्याला ती सोय नव्हती. तांब्याच्या तारेवरचं व्हार्निश जळतं तेव्हा आधी किंचित गोड वाटतं आणि मग घशाशी कडू होतं. रविवारी रोबोटांच्या लढती होत त्या शाळेच्या मोठ्या हॉलमध्ये, जाड काचेच्या पिंजऱ्याभोवती माणसं दाटीने उभी असताना, हा वास सगळ्यांत आधी त्यालाच यायचा. तो नाक वर करून नुसतं "गेली" म्हणायचा. लोक हसायचे, आणि खरंच पिंजऱ्यातला एक रोबोट जागच्या जागी थांबलेला असायचा. आजही दोनदा म्हणाला होता. इमारतीत मोटारी पुष्कळ होत्या, मिक्सर होते, कपडे धुवायची यंत्रं होती, खाली पाण्याचा पंप होता. पण कुठली गेली हे त्याला विचारावं लागलं नाही. ती घरी बसवली त्या दिवसापासून कुठेतरी आत तो या वासाची वाटच बघत होता.

वर जायला हवं होतं. तो सायकलच्या शेजारी उभा राहिला.

आठवडाभर तो विम्याच्या कचेरीत बसून दुसऱ्यांचं किती नुकसान झालं ते ठरवायचा. तिथे त्याला कोणी ओळखत नव्हतं म्हटलं तरी चालेल. साहेब त्याला वर्षानुवर्षं शेजारच्या टेबलावरच्याच्या नावाने हाक मारत आणि तोही ओ देत असे. पण रविवारी क्लबमध्ये तो मोटारमास्तर होता. कोणी नवं आलं की लोक त्याला त्याच्याकडे पाठवायचे. नवा माणूस हमखास विचारायचा, सगळ्यांत जोरात फिरणारी मोटार कुठली? मग मास्तरांचा चेहरा खुलायचा. खोक्यावर छापलेला वेग बिनओझ्याचा असतो, तो सांगायचा. हातात धरून काय, कुठलीही फिरते. तिच्यावर ओझं टाका, चाक भिंतीला टेकवा, मग बघा ती काय करते. चुंबक दमलेली मोटार तर उलट रिकामी जास्त जोरात फिरते, हे ठाऊक आहे का? हे कोणालाच ठाऊक नसायचं. एकदा मोटार बेसुमार तापली की आतले चुंबक कमजोर होतात, आणि कमजोर चुंबकाची मोटार हातात धरली की अशी सणसणते की ऐकणाऱ्याला वाटावं, काय दम आहे. दम नसतो. ओझं आलं की ती नुसता करंट खाते आणि तापते. म्हणून जुनी मोटार विकत घेताना आवाजाला भुलू नका, असं तो म्हणायचा आणि समोरच्याच्या डोळ्यांत स्वतःबद्दलचा आदर वाढताना बघायचा. शेवटी ठरलेलं वाक्य यायचं. लढत तीन मिनिटांची असते. मोटार निवडायची म्हणजे ती किती वेळात जळालेली आपल्याला चालेल, एवढंच ठरवायचं.

हे वाक्य त्याचं स्वतःचं होतं. कोणी ते परत म्हणालं की त्याला बरं वाटायचं. आता जिन्यात ते आठवलं आणि नकोसं झालं.

बाबांची खुर्ची त्याने पावसाळ्याच्या आधी करायला घेतली होती. बाबांचे पाय गेल्या वर्षी गेले. गेले म्हणजे आहेत, पण बसल्या जागेवरून त्यांना उठवत नाहीत. एकदा उभं केलं की खिडकीचा गज धरून ते चांगला वेळ उभे राहू शकत. सारी हयात शिंप्याच्या मशीनवर बसून काढलेल्या माणसाला म्हातारपणी उभं राहायची एवढी हौस का असावी, कोण जाणे. पण होती. खिडकीतून रस्ता दिसायचा, समोरचं छापखान्याचं गोदाम दिसायचं, आणि कोणाच्या अंगावर कपडा कसा बसलाय ते वरून बघून बाबा नावं ठेवायचे. "त्या माणसाची बाही बघ, दुसऱ्याची मागून आणलीय जशी." त्यांना उठवायला रोज कोणीतरी लागायचं, आणि बाबा रोज दोनदाच सांगायचे. तिसऱ्यांदा उठावंसं वाटलं तरी सांगायचे नाहीत, हे बायकोच्या लक्षात आलं. तीच म्हणाली, "एवढे रोबोट करतोस, त्यांना उठवणारं काही कर की." त्याला एकदम लाज वाटली होती, हे आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून. ती लाज निराळी होती, हलकी होती. तिच्यात काम करायचा हुरूप होता.

खुर्ची झाली मात्र सुरेख. बसायची फळी मागून वर उचलली जायची आणि माणसाला अलगद पुढे उभं करायची. पुढे तोंडावर पडू नये म्हणून कमरेला पट्टा. हातात तारेला लोंबणारं बटण. गिअर त्याने मळसूत्राचा घेतला, म्हणजे वीज गेली, मोटार बंद पडली, काहीही झालं तरी फळी आहे तिथेच थांबेल, बाबा खाली आदळणार नाहीत. यावर त्याने फार विचार केला होता. मोटारही चांगली मागवली, नवी, जरा जास्तच ताकदीची. खोकं आलं तेव्हा बाबांनी ते मांडीवर घेऊन दोन्ही हातांनी तोललं होतं. त्याच आठवड्यात क्लबच्या लढतीत बोक्याचं डावं चाक दुसऱ्या रोबोटच्या खाली अडकलं आणि तो घाबरून कळ दाबतच राहिला. मोटार जळाली नाही. जळाली असती तर बरं झालं असतं. नुसती तापली, हात लावता येऊ नये इतकी, आणि त्या दिवसापासून बोका एका बाजूला ओढायला लागला. सरळ जा म्हटलं की भिंतीकडे जायचा. लोक हसले. कोणीतरी म्हणालं, मास्तर, बोका प्यायलाय का? एवढंच. खरं म्हणजे एवढंच झालं होतं.

एका संध्याकाळी टेबलावर तो दोन्ही मोटारी घेऊन बसला होता. दिसायला सारख्याच, त्याच कंपनीच्या, त्याच मापाच्या. पुढच्या महिन्यात वर्षाची मोठी स्पर्धा. आणखी एक मोटार मागवता आली असती, पण ती यायला वेळ लागला असता, आणि बाबा रोज विचारत होते, कधी होतेय? त्याने मनाशी हिशेब मांडला. खुर्ची एकदा वर करायला कितीसा वेळ लागतो? दिवसातून दोनदा उठतात. लढतीत मोटारीचे जे हाल होतात त्यापुढे हे म्हणजे पेन्शनच. स्पर्धा झाली की बदलून टाकू. हा सगळा हिशेब बरोबर होता. फक्त बाबा दिवसातून दोनदाच उठतात ते कोणाला त्रास नको म्हणून, आणि खुर्ची आपण त्यासाठीच करतोय, हे त्यात धरलेलं नव्हतं. की धरलेलं होतं आणि तो त्याच्याकडे बघत नव्हता? दमलेली मोटार त्याने खुर्चीला बसवायला उचलली, आणि बसवण्याआधी सवयीने हातात धरून चालवून बघितली. ती सणसणली. पलंगावरून बाबा म्हणाले, "अरे वा! काय फिरते!" बायको स्वयंपाकघरातून हात पुसत आली आणि म्हणाली, "ही तर तुझ्या बोक्याच्या मोटारीपेक्षाही जोरात आहे." तो म्हणाला, "हो ना." दोनच शब्द, हसून म्हटलेले. जगात ज्या एका माणसाला तो आवाज म्हणजे काय हे पक्कं ठाऊक होतं, त्याने ते शब्द म्हटले होते. बाबा बायकोला म्हणाले, "आपल्याला चांगल्यातली दिली बघ त्याने."

पहिल्या आठवड्यात फ्यूज उडाला. मग पुन्हा उडाला. त्याने त्याहून मोठा घातला. लढणारे असंच करतात; मोटार जळाली तर जळाली, पण मध्येच थांबता कामा नये.

खालून कोणीतरी जिना चढत होतं. चषक हातात घेऊन असं अंधाऱ्या वळणावर उभं असलेलं कोणी बघायला नको म्हणून तो चढू लागला. चढता चढता दुपारचा फोन आठवला. जेवायच्या वेळेला घरी येतो असं तो सांगून गेला होता. बायको रविवारीही चष्म्याच्या दुकानात असते, ती संध्याकाळपर्यंत येत नाही. पण शेवटची लढत लांबली. कोणाची तरी बॅटरी फुगली होती. त्याने हॉलच्या बाहेर येऊन बाबांना फोन लावला. बाबांचा फोन त्यांच्या सदऱ्याच्या खिशात असतो, छातीशी. बराच वेळ वाजला. मग बाबांचा आवाज आला, दबलेला, झोपेतून उठल्यासारखा. "बाबा, उशीर होईल थोडा. जेवण झाकून ठेवलंय ना जवळ?" "आहे, आहे." "झोपला होतात का?" "पडलो होतो. तू सावकाश ये. जिंकून ये." आत घंटा झाली म्हणून त्याने फोन ठेवला. श्वास ऐकू आला होता. एखाद्याने वजन पेलून बोलावं तसा. त्याने तो ऐकला होता. ऐकलाच नाही असं आता म्हणायची सोय नव्हती. आणि मग बोका पिंजऱ्यात उतरला आणि एका रेषेत, दोरी लावल्यासारखा सरळ गेला, आणि टाळ्या पडल्या.

दार बायकोने उघडलं. तिच्या खांद्यावर ओला टॉवेल होता. घरातल्या सगळ्या खिडक्या उघड्या होत्या, पंखा लावलेला होता, तरी वास होताच. तिने चषकाकडे बघितलं.

"जिंकलास वाटतं."

"काय झालं?"

"हळू बोल. आत्ता कुठे पडलेत."

खुर्ची खिडकीसमोर होती. फळी अर्धी वर येऊन थांबलेली, पुढे कललेली. कमरेचा पट्टा कापून दोन्ही बाजूंना लोंबत होता. खाली फरशी नुकतीच पुसलेली होती आणि बाबांची मोठी कात्री खिडकीत ठेवली होती.

"बक्कल निघेना," बायको म्हणाली. "सगळा भार त्याच्यावर. शेवटी कात्रीने कापला. मी आले तेव्हा असे होते." ती कमरेत पुढे वाकली, गुडघे अर्धे दुमडले, हात सोडले आणि खोलीच्या मध्यावर तशी उभी राहिली. कोणाला तरी नमस्कार करायला वाकावं आणि समोरच्याने उठ म्हणूच नये, तशी. मग ती सरळ झाली. "कपडे ओले झाले होते. त्याचंच त्यांना जास्त लागलंय. म्हणाले, त्याला सांगू नकोस."

"मला फोन का नाही केला? फोन खिशातच असतो."

"मीही तेच विचारलं. म्हणे त्याची लढत होती. तुझा फोन आला तेव्हा तसेच होते ते." ती टॉवेलची घडी घालू लागली. तिचा आवाज चढला नव्हता. "अंगाला काही झालेलं नाही, कमरेला वळ उठलाय. जेवायला मात्र नको म्हणतात. म्हणे वजन वाढलंय, त्यानेच मोटार जळाली. उद्यापासून अर्धंच जेवणार. मोटारीला झालं तरी काय रे? नवीनच होती ना?"

"बघतो," तो म्हणाला.

बघतो. कचेरीत पैसे द्यायचे नसले की हाच शब्द असतो. त्याने चषक चपलांच्या कपाटामागे, दिसणार नाही असा ठेवला आणि पिशवी घेऊन आत गेला, ती खाली ठेवायचंही त्याला सुचलं नाही.

कात्री नजरेसमोरून जात नव्हती. लहानपणी त्याचे सगळे सदरे या कात्रीने कापलेले होते, आणि सगळे उरलेल्या कापडाचे. गिऱ्हाइकांच्या कपड्यांतून वाचलेल्या पट्ट्या बाबा साठवायचे आणि रंगाला रंग लागला की त्याला सदरा व्हायचा. जोड कुठे आहे ते शोधून सापडायचं नाही. खांद्याच्या पट्टीखाली, काखेत, कॉलरच्या आत, कुठे कुठे लपवलेले असायचे. शाळेत एकदा एका मुलाने त्याची कॉलर उलटी करून आतलं निराळं कापड सगळ्यांना दाखवलं होतं. घरी येऊन तो बाबांना म्हणाला होता, तुम्ही मला चिंध्यांचे कपडे घालता. बाबा मशीन चालवत राहिले. आज इतक्या वर्षांनी त्याला आठवत होतं ते दुसरंच. त्यातला एकही सदरा कधी जोडावर उसवला नाही. कापड विरून जायचं, जोड तसाच राहायचा. उरलेलं द्यायचं तर त्याला किती मेहनत करावी लागते हे बाबांना माहीत होतं. त्याने नुसतं उरलेलं दिलं होतं, आणि वर चांगल्यातलं म्हणू दिलं होतं.

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. धुतलेला सदरा अंगात होता, त्याच्या इस्त्रीच्या घड्या अजून मोडल्या नव्हत्या.

"खटपट्या?" ते न वळता म्हणाले. लहानपणापासूनची हाक.

"हो बाबा."

"जिंकलास का?"

"हो."

"वा." त्यांचं बोट भिंतीवर रेघ ओढत राहिलं. "तुझी मोटार जाळली रे मी."

तो पलंगाच्या कडेला बसला.

"सारखी उठबस केली आज," बाबा भिंतीला सांगत होते. "खाली गाडी थांबली की वाटायचं, आलास. म्हटलं, तू जिन्यातून वर येशील तेव्हा आपण उभे दिसावं. तुझ्याच यंत्रावर. तू आला नाहीस की परत बसायचं, परत गाडी वाजली की परत उठायचं. तिला दम खाऊ दिला नाही मी. माझ्या मशीनची मोटार मी इतकी वर्षं कशी जपली, आणि तुझी महिनाभरात जाळली. अक्कल गहाण ठेवल्यासारखं झालं. आणि हे वजन. सूनबाईला किती सांगतो, इतकं वाढू नकोस."

काहीही न बोलता बसून राहणं शक्य होतं. हे त्याला अगदी स्पष्ट दिसलं. जाऊ द्या बाबा, असं म्हणायचं, पांघरूण सारखं करायचं, उद्या नवी मोटार बसवायची आणि मोठ्या मनाने बसवायची. बाबांनी जन्मभर त्याबद्दल आभार मानले असते. दोनदाच उठले असते, अर्धंच जेवले असते. त्याला कोणी पकडणार नव्हतं. जळालेल्या मोटारीला ती जळायच्या आधी कशी होती हे विचारता येत नाही; कचेरीत हे वाक्य त्याने कितीदा तरी लिहिलं होतं. आणि तो गप्प बसायला तयार आहे, आत्ता या क्षणी, बाबांच्या पाठीकडे बघतसुद्धा तयार आहे, हे कळून त्याच्या कानशिलांपर्यंत गरम झालं. दुपारी त्याने मोठ्या कौतुकाने लोकांना ऐकवलं होतं, बिनओझ्याचा वेग बघू नका.

"बाबा, ती मोटार आधीच गेलेली होती."

बाबांची पाठ हलली नाही.

"बोक्याची जुनी होती ती. लढतीत तापून कमजोर झालेली. तुमच्यासाठी मागवलेली नवी मी बोक्याला लावली. तो एका बाजूला ओढत होता म्हणून. तुमच्या खुर्चीला ती दमलेली बसवली. ती टिकणार नाही हे मला माहीत होतं. फ्यूज उडत होता तोही मी मोठा घातला, नाहीतर ती आधीच थांबली असती. तुम्ही बसलेले असतानाच थांबली असती."

दारात बायको उभी होती. केव्हापासून, ते त्याला कळलं नाही. आता बाबांनी काहीतरी बोलावं, लहानपणी कधी मारलं नाही ते आज मारावं, नाहीतर नुसतं 'जा' म्हणावं, असं त्याला फार वाटलं. बाबा हातांवर जोर देऊन हळूहळू वळले. त्यांचे डोळे लाल होते, आणि ते त्याच्याकडे रागाने बघत नव्हते. काहीतरी पुन्हा पुन्हा पडताळून बघावं तसे बघत होते.

"म्हणजे माझ्या वजनाने नाही?"

"नाही."

"मी सारखी उठबस केली म्हणून नाही?"

"चांगली मोटार असती तर दिवसभर केली असतीत तरी चाललं असतं. त्यासाठीच तर केली होती."

"नक्की?"

"नक्की, बाबा."

बाबांनी श्वास सोडला. इतका लांब की सदऱ्याच्या घड्या खाली बसल्या. आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं त्याची त्याने कसलीच तयारी केली नव्हती. बाबांना आनंद झाला होता. सुटल्याचा, निखळ, लपवता न येणारा आनंद. त्यांनी मान उचलून दाराकडे बघितलं.

"सूनबाई, ऐकलंस का? माझ्यामुळे नाही जळली."

"ऐकलं, बाबा," बायको म्हणाली. तिने नवऱ्याकडे बघितलं नाही.

"मग वाढ गं मला थोडं. थोडं कशाला, नेहमीसारखं वाढ. भूक लागलीय." ते उशीला टेकून सरळ व्हायला लागले. त्याने आधार द्यायला हात पुढे केला. बाबांनी तो अगदी सहज धरला, रोज धरतात तसा. "मी आपला दुपारभर तिथे वाकून हाच विचार करतोय, की आता पोराला काय तोंड दाखवायचं."

बायको ताट वाढायला गेली. त्याने खाली बसून पिशवी उघडली, बोक्याला उलटा केला आणि खिशातला पाना काढून डाव्या चाकाचा पहिला बोल्ट सैल करायला घेतला. पाना घसरत होता.

"अरे, आत्ता कशाला?" वरून बाबांचा आवाज आला, मायेचा, पोट भरायच्या आधीच तृप्त झालेला. "जिंकून आलायस, बस जरा. आज सरळ चालला का तो?"

"चालला," तो म्हणाला. त्याला मान वर करता येईना.